पावसावर कर की फरसबंदीवर?

पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विचारला जात आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरिलंड राज्यात काही वर्षांपूर्वी पाऊस आणि राजा एकाच बिलावर आले, आणि तेथील नागरिकांनी दाद मतपेटीकडे मागितली. २०१२ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा करून नऊ कौंट्या व बाल्टिमोर शहर अशा दहा मोठ्या स्थानिक संस्थांना आदेश दिला की, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या घाणीचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी १ जुलै २०१३ पर्यंत मिळकतींवर वार्षिक शुल्क बसवावे. कायद्यातील नाव लांबलचक होते. विरोधकांनी त्याचे बारसे दोन शब्दांत उरकले : ‘रेन टॅक्स’, म्हणजे पाऊसपट्टी. आभाळातून पडणाऱ्या पाण्यावरही आता सरकार पैसे घेणार, असा जो अर्थ त्यातून निघतो तो वस्तुस्थितीला धरून नव्हता. परंतु सार्वजनिक वित्तव्यवहारात करांचे नाव कोण ठेवतो याला महत्त्व असते, आणि येथे नामकरणाचा मान कर बसविणाऱ्यांकडे राहिला नाही. २०१४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे लॅरी होगन यांनी या पट्टीला आपल्या प्रचाराचे एक मुख्य लक्ष्य केले व डेमॉक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य असलेल्या त्या राज्यात ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. २०१५ मध्ये शुल्काची सक्ती उठली.

ही हकीकत परदेशातील एका लहान राज्याची असली तरी तिच्यात गुंतलेला प्रश्न कोणत्याही नगरपालिकेचा आहे. एखादी सेवा सर्वांसाठी करावयाची, तिची गरज काही जणांच्या कृतीमुळे अधिक निर्माण व्हावयाची आणि तिचा लाभ तर दूर कोठे तरी नदीत किंवा खाडीत दिसावयाचा. अशा सेवेचा खर्च कोणाकडून व कोणत्या मापाने वसूल करावा?

प्रथम प्रदूषणाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. मोकळ्या जमिनीवर पडलेला पाऊस बराचसा मुरतो. छप्पर, डांबरी रस्ता, वाहनतळ, काँक्रीटचे अंगण यांवर पडलेला पाऊस मुरत नाही. तो वाहतो, आणि वाहताना वाटेत जे असेल ते बरोबर घेऊन जातो. मोटारींचे तेल, ब्रेकच्या झिजेतून पडणारी तांब्याची पूड, हिरवळीवर टाकलेले खत, जनावरांची विष्ठा, उघडी पडलेली माती असे सर्व काही त्याच्याबरोबर जाते. एक हजार चौरस मीटरच्या वाहनतळावर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर पंचवीस हजार लिटर पाणी थोड्याच वेळात गटाराच्या तोंडाशी येऊन उभे राहते. हे पाणी सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही. पर्जन्यजलवाहिन्या निराळ्या असल्या म्हणजे ते सरळ ओढ्यात जाते. त्या मलवाहिन्यांशी एकत्र असल्या म्हणजे पावसाच्या जोराने दोन्ही मिळून नदीत उतू जातात, आणि ते अधिकच वाईट.

कारखान्याच्या नळीतून बाहेर पडणारे दूषित पाणी दाखविता येते, मोजता येते, त्याच्या मालकाला न्यायालयात खेचता येते. पावसाच्या पाण्याला असा एक मालक नसतो. अमेरिकेने स्वच्छ जलाचा कायदा १९७२ मध्ये केला. पण शहरांच्या पर्जन्यजलवाहिन्यांना परवाना घ्यावयास लावणारी स्पष्ट तरतूद त्यात येण्यास १९८७ साल उजाडले. त्याप्रमाणे १९९० पासून मोठ्या शहरांना, व पुढे १९९९ च्या नियमांनी लहान शहरांना, आपल्या गटारांतून काय वाहते याची जबाबदारी घ्यावी लागली. जबाबदारी केंद्राने लादली. पैसा मात्र ज्याचा त्याने उभा करावयाचा होता. अशी वाटणी आपल्या वाचकांनाही अपरिचित नाही.

मेरिलंडवर दडपण होते ते चेसापीक उपसागराचे. सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश मिळून सुमारे चौसष्ट हजार चौरस मैलांचे पाणी या उपसागरात येते. नत्र आणि स्फुरद यांच्या अतिरेकाने त्यात शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि कालवे, खेकडे, मासे यांचा ऱ्हास होतो. डिसेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने या उपसागरात दरसाल किती नत्र, किती स्फुरद व किती गाळ जाऊ द्यावयाचा याची कमाल मर्यादा ठरविली आणि ती गाठण्यासाठीची सर्व कामे उभी करण्यास २०२५ ची मुदत घातली. २०१२ चा कायदा हे त्याचेच अपत्य होते.

कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट मोकळी ठेवली, ती म्हणजे शुल्काची रक्कम. तेथेच घोटाळ्यास सुरुवात झाली. बाल्टिमोर कौंटीने स्वतंत्र घराला वर्षाला ३९ डॉलर आकारले. ॲन अरंडेलने साधारण घराला ८५ डॉलर ठरविले, तेही कार्यकारी प्रमुखांनी नाकारलेला ठराव कौन्सिलने पुन्हा मंजूर केल्यावर. मंटगमरी कौंटी असे शुल्क २००२ पासूनच घेत होती व तेथे त्याबद्दल फारशी बोंब नव्हती. कॅरल कौंटीने शुल्क बसविण्याचेच नाकारले. फ्रेडरिक कौंटीने कायद्याचे अक्षर पाळले आणि थट्टाही केली : प्रत्येक मिळकतीला वर्षाला एक सेंट! त्यातून साऱ्या कौंटीत मिळून सुमारे पाचशे डॉलर जमणार होते. बिले छापण्याचाही खर्च त्यातून निघाला नसता. एकाच उपसागरात पाणी सोडणाऱ्या दोन घरांपैकी एकाने ८५ डॉलर भरावे आणि दुसऱ्याने एक सेंट, यात न्याय कोठे, असे पहिल्या घरमालकाने विचारले, तर त्याला प्रदूषणाचा कैवारी ठरवून चालणार नाही.

या पट्टीच्या पराभवाचे खापर राजकीय प्रचारावर फोडून अनेक पर्यावरणवादी मोकळे झाले. मला हे निदान अपुरे वाटते, आणि त्याला पुरावा मेरिलंडमध्येच आहे. त्याच राज्यात २००४ साली दुसरी एक पट्टी बसविण्यात आली होती. उपसागराच्या पुनरुज्जीवन निधीसाठी प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला तीस डॉलर घ्यावयाचे व त्यातून सांडपाणी शुद्धीकरणाची मोठी केंद्रे सुधारावयाची, अशी ती योजना. तिलाही लोकांनी टोपणनाव दिले, आणि ते तर अधिकच उपहासाचे : ‘फ्लश टॅक्स’, आपल्या भाषेत संडासपट्टी. ती बसविणारे गव्हर्नर रॉबर्ट एर्लिक हे रिपब्लिकन पक्षाचेच होते. पुढे ज्या २०१२ साली पाऊसपट्टीचा कायदा झाला, त्याच साली ही संडासपट्टी तिसाची साठ डॉलर करण्यात आली. म्हणजे रक्कम दुप्पट झाली, नाव तितकेच हास्यास्पद राहिले, आणि पट्टी टिकली. नावाने कर मरतो हे म्हणणे येथे टिकत नाही.

मग फरक कशाचा? संडासपट्टी साऱ्या राज्यात एकाच दराने होती. शेजारच्या कौंटीत ती एक सेंट नव्हती. ज्यांच्या घरी सांडपाण्याची वाहिनी नव्हती, सेप्टिक टाकी होती, त्यांनाही ती होती, आणि त्यांचा पैसा मुख्यतः तशाच टाक्या सुधारण्यासाठी व शेतात हिवाळी आच्छादनाची पिके घेण्यासाठी खर्च व्हावयाचा होता. खर्चाची यादी आधी ठरलेली होती : सदुसष्ट मोठी केंद्रे, एकामागून एक. केंद्र सुधारले की त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नत्र किती घटले याचा आकडा मिळे. मंदीच्या वर्षांत या निधीतील पैसाही सर्वसाधारण तिजोरीकडे वळविण्यात आला व त्याची भरपाई कर्जरोख्यांतून करण्यात आली, ही गोष्ट खरी. पण केंद्रे सुधारली. याउलट पर्जन्यजलाची कामे म्हणजे कोठे ओढ्याचा काठ सावरणे, कोठे रस्त्याकडेला झिरपखड्डा, कोठे जुन्या तलावातील गाळ काढणे अशी शेकडो ठिकाणी विखुरलेली. त्यांचा परिणाम हळूहळू व बेरजेनेच दिसतो. लोकांना जे काम दिसत नाही त्याचे बिल त्यांना फार मोठे दिसते.

आणखी एक फरक अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रदूषणासारखा जो खर्च करणारा स्वतः सोसत नाही आणि दुसऱ्यावर पडतो, तो कराच्या रूपाने करणाऱ्याच्याच हिशेबात आणावा, हे तत्त्व पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथात मांडले आणि तेव्हापासून ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पर्जन्यजलाच्या शुल्काचे समर्थन याच तत्त्वावर केले जाते : ज्याची फरसबंदी अधिक, त्याचे बिल अधिक; मग तो फरसबंदी कमी करील. परंतु घरगुती मिळकतींच्या बाबतीत बहुतेक शहरे एका सरासरी घराचे क्षेत्र हे एकक मानून सर्वांना एकच रक्कम लावतात. प्रशासनाच्या सोयीसाठी ते ठीकच आहे. पण सब घोडे बारा टक्के या न्यायाने आकारलेल्या रकमेत पिगू यांचे तत्त्व शिल्लक राहत नाही. अंगण उखडून बाग केली तरी ३९ डॉलर आणि बाग बुजवून काँक्रीट घातले तरी ३९ डॉलर, असे असल्यावर तो डोईपट्टीचाच प्रकार होतो, आणि तिचा भार गरिबावर अधिक पडतो. मेरिलंडच्या कायद्यात अडचणीतील मालकांना सूट होती; तिने भार हलका होईल, वर्तन बदलणार नाही.

या बाबतीत फिलाडेल्फियाचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे पर्जन्यजलाचा खर्च पूर्वी पाण्याच्या मीटरवरून वसूल होत असे. जो अधिक पाणी वापरी, तो गटाराचाही अधिक खर्च देई. याचा परिणाम असा की, उंच इमारतीत दाटीने राहणारी माणसे मोठे बिल भरीत, आणि एकरच्या एकर डांबर पसरलेला वाहनतळ, ज्याला नळच नाही व म्हणून मीटरही नाही, तो छदामही देत नसे. २०१० पासून त्या शहराने घरगुती नसलेल्या मिळकतींसाठी माप बदलले. मिळकतीचे क्षेत्र आणि त्यातील पाणी न मुरणारा भाग यांवर आकारणी सुरू झाली, आणि बिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून बदल चार वर्षांत पसरविण्यात आला. काहींची बिले उतरली. गुदामवाले व वाहनतळवाले यांची अनेक पटींनी चढली, आणि तेथेही ओरड झाली. परंतु ही ओरड करणाऱ्यांपुढे एक मार्ग होता : आपल्या आवारात पाणी मुरविण्याची वा साठविण्याची सोय करावी आणि बिलात सूट मिळवावी. ही सूटही सर्वांना परवडण्यासारखी नव्हती. वाहनतळ फोडण्याचा खर्च आज करावयाचा आणि बिलातील बचत वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने यावयाची, हा व्यवहार कोणताही व्यापारी सहजी करीत नाही. तेव्हा शहराला अशा कामांसाठी मालकांना अनुदानही द्यावे लागले. शुल्क, सूट व अनुदान असे तीन पाय झाले तेव्हा कोठे ती तिवई उभी राहिली.

लॉस एंजेलिस परगण्याने २०१८ साली हे माप सरळ मतदारांपुढे ठेवले. पाणी न मुरणाऱ्या प्रत्येक चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. दोनतृतीयांश मते आवश्यक होती, ती मिळाली. कॅलिफोर्निया हे १९७८ च्या मिळकतकरविरोधी बंडाचे माहेरघर. तेथील न्यायालयाने २००२ मध्ये एका शहराचे पर्जन्यजल शुल्क मतदारांना विचारले नाही म्हणून रद्द केले होते. अशा ठिकाणी लोकांनी स्वतःवर पट्टी बसवून घ्यावी, याचे श्रेय काही अंशी तरी पैशाच्या वाटणीला दिले पाहिजे. चाळीस टक्के रक्कम ज्या त्या शहराकडे परत जाणार, निम्मी प्रादेशिक कामांना, उरलेली दहा टक्के परगण्याच्या यंत्रणेला, हे मत देण्यापूर्वीच लिहिलेले होते. दुष्काळाच्या प्रदेशात हे पाणी मुरवून वापरता येईल, हे आमिषही होतेच.

शुल्क आणि कर यांतील भेद हा वकिलांचा विषय म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो शेवटी कोण सुटतो याच्याशी निगडित आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लॅन्सिंग शहराचे पर्जन्यजल शुल्क हे वास्तविक करच आहे, असे ठरवून मतदानाअभावी रद्द केले. वॉशिंग्टनमध्ये तर केंद्र सरकारच्या कचेऱ्यांनी हाच युक्तिवाद पुढे केला : हा कर आहे आणि सार्वभौम सरकार कर देत नाही. राजधानीतील छपरांचा व वाहनतळांचा केवढा हिस्सा सरकारी आहे, हे लक्षात घेता त्यातील विनोद ध्यानी येईल. जानेवारी २०११ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून सरकारी मिळकतींनीही वाजवी पर्जन्यजल शुल्क द्यावे असे ठरविले. मेरिलंडच्या कायद्यात याच्या नेमके उलट झाले. राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या मिळकती त्यातून वगळण्यात आल्या. चर्चने आपल्या वाहनतळाचे पैसे द्यावयाचे, परंतु कौंटीच्या कचेरीने द्यावयाचे नाहीत. होगन यांच्या सभांना आयता मजकूर पुरविण्याचे काम कायदा करणाऱ्यांनीच केले, असे म्हणावे लागते.

सक्ती उठल्यानंतर काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या कायद्याने शुल्क ऐच्छिक केले, पण प्रदूषण कमी करण्याची जबाबदारी उठविली नाही. पैसा कोठून आणणार याचा आराखडा दर दोन वर्षांनी राज्याला सादर करण्याची अट घातली. बाल्टिमोर कौंटीने शुल्क टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत बंद केले. बाल्टिमोर शहर व ॲन अरंडेल यांनी ते चालू ठेवले. जेथे शुल्क गेले तेथे खर्च सर्वसाधारण महसुलावर पडला, म्हणजे शाळा व पोलीस यांच्याशी त्याची दरवर्षी स्पर्धा सुरू झाली. २०२५ ची मुदत उलटली तेव्हा उपसागराची उद्दिष्टे पूर्ण झालेली नव्हती. शुद्धीकरण केंद्रांनी आपला वाटा बव्हंशी उचलला. मागे राहिले ते शेती आणि शहरांतील वाहते पाणी.

आपल्याकडे या चर्चेचा संबंध काय, असे कोणी विचारील. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी पंचवीस मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या, हा आकडा २६ जुलै २००५ नंतर सर्वांना पाठ झाला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या आकड्याशेजारचा दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. जुन्या अभियंत्यांनी पडलेल्या पावसापैकी निम्माच वाहील, निम्मा मुरेल, असे धरले होते. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी पन्नास मिलिमीटरची शिफारस केली आणि मुरणारा हिस्सा शून्य धरला. म्हणजे वाहिनीवरील भार दोन नव्हे, चार पटींचा झाला. त्यातील एक दुप्पट आभाळाची; दुसरी दुप्पट आपण घातलेल्या काँक्रीटची. या दुसऱ्या दुपटीचा खर्च काँक्रीट घालणाऱ्याकडून वसूल करावयास हवा होता. तो सर्वांच्या माथी पडला.

मुंबईच्या मिळकतकराच्या देयकावर सर्वसाधारण कर आहे, जल कर व जल लाभ कर आहे, मलनिःसारण कर व त्याचा लाभ कर आहे, वृक्ष उपकर आहे, पथकर आहे. पावसाच्या पाण्याला त्यात स्वतंत्र ओळ नाही. २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. त्यामुळे महागड्या वस्तीतील झाडीचे आवार अधिक देते आणि स्वस्त वस्तीतील पूर्ण फरसबंद गुदाम कमी देते. पाचशे चौरस फुटांपर्यंतची घरे २०२२ पासून मिळकतकरातून मुक्त आहेत. एखादी ओळ वाढविली, तर या घरांना ती लागू करावयाची की नाही, हा पहिला वाद होईल. माझ्या मते करू नये. दाटीने राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला छपराचा तुकडा लहानच येतो.

तथापि आपल्या व त्यांच्या गटारांत एक मूलभूत अंतर आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून मेरिलंड किंवा फिलाडेल्फिया उचलून आणता येणार नाही. तेथील स्वतंत्र पर्जन्यजलवाहिनी पाऊस नसताना बहुतांशी कोरडी असते. आपले नाले भर मे महिन्यात वाहतात. ते पाणी पावसाचे नसते, हे मिठीच्या काठी उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला नाकाने कळते. ज्या वस्त्यांना मलवाहिनीच मिळालेली नाही त्यांचे सांडपाणी नाल्यात येते, आणि ज्यांना मिळाली आहे त्यांच्या काही वाहिन्याही गुपचूप तेथेच सोडलेल्या असतात. अशा स्थितीत पर्जन्यजल शुल्क घेऊन त्यातून मलनिःसारणाची उणीव भरून काढली, तर नागरिक एकाच कामासाठी दोनदा पैसे देईल. मलनिःसारण कर तो आधीच देत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात शुल्क आणि सेवा यांची सांगड घातली. पुढील निकालांनी ती सैल केली असली, तरी घेतलेले पैसे भलतीकडे गेल्यावर शुल्काला शुल्क म्हणणे कठीण होते.

शिवाय आपल्याकडेही सुटणारे मोठे आहेत. संविधानाच्या २८५ व्या कलमाने केंद्राच्या मिळकती कराबाहेर आहेत. त्यांच्याकडून सेवाशुल्क घेता येते व त्याबाबत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तोडही निघाली. रेल्वेची आवारे, बंदराची जमीन, लष्करी कोठारे यांवरचा पाऊस अखेर महापालिकेच्याच नाल्यात येतो. आणि सर्वांत मोठी फरसबंदी ज्याच्या मालकीची, तो म्हणजे महापालिका स्वतः. रस्ते गेली काही वर्षे डांबराऐवजी काँक्रीटचे होत आहेत, पदपथांना झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशा बसत आहेत, आणि हे करणारे खाते व नालेसफाईची निविदा काढणारे खाते एकाच इमारतीत बसतात.

म्हणून या विषयाची सुरुवात बिलापासून नव्हे, मोजणीपासून व्हावी असे वाटते. छपरे, वाहनतळ, आवारातील काँक्रीट यांचे क्षेत्र आता हवाई छायाचित्रांवरून काढता येते, आणि त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रभागात एकूण पावसापैकी किती वाटा खाजगी फरसबंदीवरून, किती केंद्र सरकारच्या आवारांतून व किती महापालिकेच्या रस्त्यांवरून येतो याचा तक्ता अर्थसंकल्पासोबत दोन वर्षे छापावा. शेजारच्या स्तंभात त्या प्रभागातील नाल्यांवर झालेला खर्च द्यावा. पट्टी किती व कोणावर, हा वाद तिसऱ्या वर्षी करता येईल, आणि त्या तक्त्यातील पहिली नोंद महापालिकेच्या मुख्य कचेरीच्या अंगणाची असावी.